जानराव कंडक्टरांचा डायवर

मला कुत्री आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी एका कुत्र्याबद्दल दोन चांगले शब्द बोलले, तर ते त्यानं मिळवलेले आहेत हे तुम्हाला कळेल. कुत्रा आमच्या घरात आला तो माझ्या सासऱ्यांच्या हट्टामुळे आला आणि पहिल्याच दिवशी त्यानं माझी शाळेत घालायची चप्पल खाल्ली. एकच खाल्ली. दोन्ही खाल्ल्या असत्या तर मला इतका राग आला नसता.

माझे सासरे जानराव एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. मी त्यांना मामाजी म्हणते आणि सासूबाईंना आत्याबाई. मामाजी निवृत्त झाले ते कागदावर. अंगावरचा खाकी शर्ट उतरला नाही आणि तोंडातली गाडीही थांबली नाही. घरात पाहुणे जास्त झाले की, "पुढं सरका, पुढं सरका, मधात जागा रिकामी हाय." ताटं वाढली की, "कोन राह्यलं? बसा पटापट." एखादा नातेवाईक निघतो निघतो म्हणत दारातच रेंगाळला, की नुसतं "हं, चला" म्हणायचे, पण अशा सुरात की माणूस पिशवी उचलायचाच.

घरी बसणं मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. नोकरीतलं निम्मं आयुष्य मुक्कामी गाड्यांवर गेलं. रात्री कुठल्या तरी खेड्यात गाडीतच झोपायचं आणि सकाळी तिथूनच पहिली फेरी. माझा नवरा प्रसेनजित जन्मला तेव्हाही ते मुक्कामी होते. निवृत्तीनंतर सुटतील असं वाटलं होतं, पण सकाळचा चहा झाला की फाट्यावर जायचं, गाडी पकडून मोताळ्याचं स्टँड गाठायचं, जुन्या मंडळींसोबत बाकड्यावर बसून कोणती गाडी किती लेट आहे यावर संताप करायचा आणि दिवस कलल्यावर परत. "पगार बंद झाला, ड्यूटी चालूच हाय," आत्याबाई म्हणायच्या आणि मेंढ्या सोडायच्या.

मेंढ्या ही आत्याबाईंची ड्यूटी. आत्याबाई म्हणजे पंचफुलाबाई. त्या लग्न होऊन या गावात आल्या तेव्हा माहेरची एक मेंढी सोबत होती. आज वाड्यात पंधरा-वीस आहेत, त्या सगळ्या तिच्याच लेकी-नाती. आमचं गाव रोहिणखेडच्या अलीकडं, रस्त्याला लागून गायरान, गायरानाला लागून लोकांची शेतं. मेंढ्या राखणं हे धनगरांचं काम, तुमच्या लोकांनी कधीपासून धरलं, असं सुरुवातीला कुणीतरी म्हणालं होतं म्हणे. आत्याबाईंनी उत्तर दिलं, "मेंढीले इचारून पाय, तिले काई अडचन हाय का." त्यानंतर तो विषय निघाला नाही.

पण गेल्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. चालताना कटकट वाजायचे, बसलं की उठवेना. डॉक्टरांनी सांगितलं, रानात हिंडणं बंद. आता मेंढ्यांचं असं असतं की पोट भरायला गवत पुरतं, पण मन मात्र शेजारच्या हिरव्या शेतात असतं. गायरानाच्या बांधाला उकंडरावांचा हरभरा होता. एक मेंढी बांध ओलांडायची आणि बाकीच्या तिच्या मागं, जणू तिकडं पंगत बसली आहे. पूर्वी आत्याबाई पळत जाऊन फिरवून आणायच्या. आता त्या उठेपर्यंत हरभऱ्याचा एक वाफा साफ व्हायचा. उकंडराव भला माणूस, पण हरभऱ्यापुढं भलेपणा किती टिकणार? एका सकाळी ते काठी घेऊन आमच्या दारात उभे राहिले आणि काय काय बोलले ते मी इथं लिहीत नाही, मी शाळेत शिकवते.

त्या दिवशी जेवताना प्रसेनजितनं निर्णय सांगून टाकला. "माय, आता मेंढ्या विकून टाकू. पंजाबरावांना सांगतो. हरभऱ्याले घाटे भरले की त्यांचा टेम्पो येईल. तोपर्यंत बांधून चारा टाकू." प्रसेनजित नांदुऱ्याला बँकेत आहे. त्याचं बोलणं नेहमी ठरल्यासारखं असतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं चुकतही नव्हतं. आईचे पाय त्यालाच दाबून द्यावे लागत.

आत्याबाई घास हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "इकाच्या असतीन तं इका बापा. पन मंग मी सकाळी उठून करू काय, थे बी सांगून ठेव."

मी उठून त्यांच्या पेल्यात पाणी ओतलं. आणि मामाजी, जे अशा वेळी हमखास मोताळ्याच्या गोष्टी काढतात, ते त्या दिवशी भाकरी तशीच टाकून मोबाईल पाहत बसले. मला रागच आला. नंतर कळलं ते काय पाहत होते. त्यांना कुणीतरी व्हिडिओ पाठवला होता. कुठल्यातरी बाहेरच्या देशात हिरवागार डोंगर, एक माणूस खिशात हात घालून उभा, तोंडात शिट्टी, आणि एक काळा-पांढरा कुत्रा शंभरेक मेंढ्यांना डावीकडं-उजवीकडं नेतो आहे. माणूस जागचा हलत नाही.

"धम्मशीला, इकडे ये," मामाजी मला म्हणाले. "पाय. थो शिट्टीवर चालते. मंग आपला घंटीवर काऊन नाई चालनार?"

आपला म्हणजे कोण, हे दुसऱ्या दिवशी कळलं. गावाबाहेर उतरलेल्या धनगरांच्या तळावरून ते एक पिल्लू घेऊन आले. पिल्लू म्हणजे चांगलं दांडगं, तांबूस रंगाचं, एक कान उभा आणि एक पडलेला. आमच्याकडं मेंढ्यांसोबत कुत्री असतात ती राखणीला. लांडगा आला तर अंगावर जायचं, एवढंच त्यांचं काम. मेंढ्या वळवायला कुत्रा कुणी शिकवत नाही. धनगरांनी ते मामाजींना सांगितलं म्हणे आणि हसलेही. मामाजींवर काही परिणाम झाला नाही. त्यांनी पिल्लाचं नाव ठेवलं डायवर.

"मी कंडक्टर," त्यांनी मला समजावलं, "गाडी मेंढ्याईची. मंग चालवनारा कोन पायजे?"

प्रसेनजितशी करार झाला. हरभऱ्याला घाटे भरेपर्यंत मुदत. त्या दिवशी पंजाबरावांसमोर परीक्षा. आत्याबाई बांधावर बसून राहतील, उठणार नाहीत. कुत्र्यानं मेंढ्या गायरानाच्या टोकाच्या बाभळीपर्यंत न्यायच्या आणि परत आणायच्या. जमलं तर मेंढ्या राहतील, नाही जमलं तर टेम्पोत चढतील. प्रसेनजित लगेच हो म्हणाला. त्याला वाटलं, निदान बाबांचे चार दिवस बरे जातील.

घंटी मामाजींनी भंगारवाल्याकडून आणली, मोडीत निघालेल्या बसची. ती एका काठीला बांधली, खाली दोरी सोडली. एस.टी.चा कायदा तुम्हाला माहीत असेलच. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. डायवरला तोच कायदा लागू झाला. रोज सकाळी खाकी शर्ट घालून मामाजी अंगणात उभे. टिन-टिन झालं की दोरी ढिली करून त्याला पुढं सोडायचं, टिन झालं की ओढून बसवायचं आणि भाकरीचा तुकडा द्यायचा. खाकी कशाला हवी, असं मी एकदा विचारलं. "बिना खाकीची घंटी कोनी ऐकत नाई," असं उत्तर मिळालं.

थांबणं डायवर चटकन शिकला, कारण थांब्यावर नाश्ता मिळत होता. इतका शिकला की घंटी नसतानाही थांबू लागला. चार पावलं टाकायची, बसायचं आणि मागं वळून पाहायचं, भाकरी कुठंय? मामाजी कौतुकानं म्हणायचे, "इनंती थांबा घेतला त्यानं." मी चहा घेऊन गेले की डायवर आधी उठायचा. मामाजी बशीत ओतून त्याला पाजायचे. "डायवर लोकाईले च्या लागतेच बाई. च्या नाई भेटला तं गाडी हलत नाई." माझ्या बशा मी वेगळ्या ठेवायला लागले.

आणि एक फरक असा पडला की मोताळ्याचं स्टँड सुटलं. पहिली गाडी फाट्यावरून हॉर्न देऊन जायची आणि मामाजी मान वर करून पाहायचेही नाहीत.

मग डायवरला प्रत्यक्ष मेंढ्यांसमोर आणलं. आत्याबाईंना धरून धरून मी बांधावर नेऊन बसवायचे. त्या मांडीवर सूप घेऊन तुरीच्या शेंगा सोलत बसायच्या. मेंढ्यांमध्ये सगळ्यात पुढं चालणारी छकुली नावाची एक जुनी मेंढी होती. बाकीच्या ती जाईल तिकडं जातात. मामाजींनी टिन-टिन केलं, डायवर रुबाबात निघाला, आणि छकुलीनं मान खाली घालून त्याला अशी धडक दिली की तो थेट मामाजींच्या दोन पायांमधून मागं जाऊन बसला. मामाजी त्याला बाजूला घेऊन समजावत होते, "अबे, तिकडून येनारा प्यासिंजर कसाबी राहो, आपन भ्याचं नाई. भांडाचं बी नाई, आन् भ्याचं बी नाई." डायवर छकुलीकडं पाहत होता आणि छकुली खुशाल चरत होती. पुढं कितीतरी दिवस तो तिच्यापासून चार हात लांब राहून काम करायचा.

पण काम करू लागला हे मान्य केलं पाहिजे. टिन-टिन झालं की मेंढ्यांच्या मागं जायचा, भुंकायचा, त्या पुढं सरकायच्या. टिन झालं की बसायचा. मी शाळेला जाताना रस्त्यावरून पाहायचे आणि मनातल्या मनात थोडी थोडी विरघळायचे. अडचण एकच उरली, पण ती मोठी होती. तो मेंढ्या न्यायचा, थांबवायचा, परत काही आणायचा नाही. आणणार कसा? एस.टी.त चला आणि थांबा याच्या घंट्या आहेत. परत फिरण्याची घंटी नाही. गाडी शेवटच्या गावाला जाते आणि तिथं आपोआप फिरते.

मामाजी दोन दिवस विचारात पडले. मग त्यांना रिव्हर्स आठवला. स्टँडवर गाडी मागं घ्यायची असली की कंडक्टर मागं उभा राहून पत्र्यावर थापा मारतो आणि ओरडतो, "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या." झालं. घरातली एक जर्मनची थाळी गेली. मामाजी डायवरच्या मागं उभे राहायचे, थाळी बडवायचे, "येऊ द्या, येऊ द्या" म्हणायचे आणि पट्ट्याला धरून त्याला मागं ओढायचे. त्यांच्या मनात असं, की मागं येणं म्हणजे परत येणं, आणि कुत्रा परत आला की मेंढ्याही येतील. डायवर हुशार निघाला. आठवडाभरात तो थाळीच्या आवाजावर उलटा चालू लागला. खरंच सांगते. तोंड पुढं, शेपूट आधी, एक एक पाऊल मागं टाकत गायरानातून यायचा, मेंढ्या जिथल्या तिथं, आणि माना वर करून त्याच्याकडं पाहायच्या. निम्मं गाव बघायला आलं. उकंडरावही येऊन गेले आणि जाताना म्हणाले, "जानराव, सर्कशीत घेतीन हो याले."

मी हसले, पण घरी आल्यावर मला रडू यायला लागलं. घाटे भरत आले होते. मेंढ्या जाणार हे दिसतच होतं. आणि मला सगळ्यात जास्त राग आला तो आत्याबाईंचा. ज्या मेंढ्यांना जन्मभर राखलं, त्यांना कसं वळवायचं, कुठं कुणाला धाक लागतो, कुणाला गोडीनं न्यावं लागतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि त्या बांधावर गप्प बसून शेंगा सोलत होत्या. कधी डायवर जवळ आला तर त्याला तोंडातल्या तोंडात काहीतरी सांगायच्या, कानामागं खाजवायच्या, बस.

"आत्याबाई, तुम्ही काही सांगत का नाही त्यांना?" मी एकदा विचारलंच.

"थे म्हनले, एका गाडीत दोन कंडक्टर नसते," त्या म्हणाल्या. "मंग मी काऊन बोलू?"

"पण मेंढ्या जातील ना!"

"जातीन तं जातीन. हे सूप धर थोडं, माह्या पायाले मुंग्या आल्या."

माझं डोकं फिरलं. सूप धरलं, पण त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही.

परीक्षा रविवारी सकाळी ठेवली होती. पंजाबराव टेम्पो घेऊन आले आणि रस्त्याच्या कडेला लावून फाळक्यापाशी तंबाखू मळत उभे राहिले. पंजाबराव मेंढ्यांचे व्यापारी, पोट सुटलेलं, स्वभावानं हसरे. उकंडराव आपल्या हरभऱ्याच्या कडेला काठी रोवून उभे, सीमेवर उभं राहावं तसे. प्रसेनजित घड्याळ पाहत होता. आत्याबाई बांधावर, मी त्यांच्या शेजारी. मामाजींनी इस्त्रीची खाकी घातली होती, एका हातात घंटीची काठी, काखेत थाळी.

टिन-टिन.

डायवर निघाला. मला आजही त्याचं कौतुक वाटतं. मेंढ्यांच्या मागं नीट अंतर राखून तो डावी-उजवीकडं झुलत गेला, छकुलीला वळसा घातला, आणि सगळा कळप सरळ बाभळीखाली नेऊन उभा केला. टिन. बसला. पंजाबरावांनी तंबाखू मळायची थांबवली. "वा बे," ते म्हणाले. प्रसेनजितनंही भुवया उंचावल्या. मामाजींनी माझ्याकडं असं पाहिलं की मी हात जोडले.

आणि तेवढ्यात एस.टी. आली.

फाटा बाभळीपासून जवळच. गाडी थांबली, एक बाई पोतं घेऊन उतरल्या, आणि आतल्या कंडक्टरनं आपलं काम केलं. टिन-टिन. भंगारातली घंटी काय आणि चालत्या गाडीतली काय, आवाज तोच. डायवर उठला. हुकूम म्हणजे हुकूम. त्यानं मेंढ्या पुढं घेतल्या, पुढं रस्ता होता, रस्त्यावर गाडी निघाली होती. छकुली गाडीच्या मागं लागली आणि छकुलीच्या मागं सगळ्या.

"अबे थांब! थांब!" मामाजींनी एक घंटी दिली. डायवर रस्त्याच्या मधोमध बसला. मेंढ्या कशाला थांबतील? त्यांना घंटी कुणी शिकवली होती? त्या गाडीमागं चालत राहिल्या. गाडीच्या मागच्या काचेत तोंडं गोळा झाली, कुणी मोबाईल काढला. छकुली आणि आणखी चार-पाच जणी मध्येच डाव्या हाताला वळल्या आणि थेट उकंडरावांच्या हरभऱ्यात.

मग मामाजी पळाले. या वयात माणसानं घंटी घेऊन पळू नये. काठीवरची घंटी पावलापावलाला आपोआप वाजू लागली, टिन, टिन-टिन, टिन, टिन-टिन, आणि डायवर रस्त्यावर उठतो आहे, बसतो आहे, उठतो आहे, बसतो आहे. शेवटी मामाजींनी घंटी टाकून दिली आणि थाळी बडवली. "येऊ द्या! येऊ द्या!" डायवर सुटकेचा निःश्वास टाकून उलटा चालू लागला. उकंडराव काठी उचलून ओरडत होते. प्रसेनजितनं कपाळाला हात लावला. पंजाबरावांनी हसता हसता टेम्पोचा फाळका खाली पाडला, त्याचा खडाड् आवाज झाला. संपलं, मला वाटलं.

तेव्हा माझ्या शेजारून एक आवाज निघाला. आधी मला कळलंच नाही की तो आत्याबाईंचा आहे. बसल्या जागेवरूनच, मान किंचित वर करून, घशातून निघून नाकात जाणारी लांब हाक. "याऽऽव गंऽऽ... याऽऽव याऽऽव..."

रस्त्यावरच्या मेंढ्या थांबल्या. एकीनं मान वळवली, मग दुसरीनं. गाडी पुढं निघून गेली आणि सगळा कळप माघारी फिरला, पळत, एकमेकींवर आपटत, गायरान ओलांडून आत्याबाईंच्या पायाशी येऊन उभा राहिला. हरभऱ्यातल्या पाच-सहा जणी मात्र ढिम्म हलल्या नाहीत. तोंडात घाटे असले की मेंढीला कान नसतात.

आत्याबाईंनी मेंढ्यांना पुन्हा हाक मारली नाही. त्यांनी रस्त्याकडं पाहून गोडीनं साद घातली, "डायवर. थे पाय बापा, थ्या राह्यल्या."

आणि हात केला हरभऱ्याकडं.

डायवर उलटा चालता चालता थांबला. त्यानं मामाजींकडं पाहिलं, मामाजींच्या हातातल्या थाळीकडं पाहिलं. मग पळत सुटला, पण सरळ नाही. लांबून वळसा घेऊन हरभऱ्याच्या पलीकडून आत शिरला, म्हणजे मेंढ्यांचं तोंड आपोआप आमच्याकडं झालं. एकटी छकुली त्याच्याकडं वळली आणि तिनं मान खाली घातली. मी डोळे मिटणारच होते. तो मागं सरला नाही. तिच्या समोर उभा राहून एकदाच भुंकला, आणि छकुली, जिनं धडक देऊन त्याला मामाजींच्या मागं लपायला लावलं होतं, मान फिरवून चालू लागली. बाकीच्या तिच्या मागं, डायवर सगळ्यांच्या मागं. एकही मागं न ठेवता त्यानं त्या आत्याबाईंपाशी आणून सोडल्या आणि त्यांच्या शेजारी जीभ काढून बसला.

उकंडराव हरभऱ्यात चार पावलं चालून नुकसान पाहत होते. "खाल्लं थे खाल्लं," ते शेवटी म्हणाले. "पन निघाल्या लवकर. इतक्या लवकर आजवर कधी निघाल्या नव्हत्या." काठी काखेत घालून ते घराकडं निघाले.

प्रसेनजित मात्र मुद्दा सोडणारा नाही. "माय, हे काय परीक्षेत धरता येत नाही. हाक तू मारली."

"मी उठली का?"

"नाही, पण..."

"तूनंच म्हनलं होतं, मी उठाचं नाई. मी उठली नाई. मेंढ्या गेल्या का बाभळीपर्यंत? गेल्या. आल्या का? आल्या. थोड्या फिरून आल्या, थे जाऊ दे."

प्रसेनजितनं पंजाबरावांकडं पाहिलं. पंजाबरावांनी फाळका वर करून कडी लावली. "नाई गड्या," ते म्हणाले, "मी नाई नेत. मोताळ्याच्या पुढं जाऊन तुह्या मायनं हाक मारली, तं माह्या टेम्पोसकट वापस येतीन थ्या." प्रसेनजित हसायला लागला, आणि तो हसला म्हणजे मेंढ्या राहिल्या, हे मला कळलं. मी बांधावर बसल्या बसल्या डोळे पुसले आणि डायवरच्या डोक्यावरून हात फिरवला. पहिल्यांदाच. त्यानं माझी चप्पल हुंगली.

पंजाबरावांना चहाला घेऊन प्रसेनजित घरी गेला. मामाजी रस्त्यावरून घंटीची काठी उचलून हळूहळू चालत आले. शर्टाचा एक खांदा घामानं भिजला होता. आत्याबाईंसमोर उभे राहिले. आयुष्यभर भरलेली गाडी बोलून बोलून पुढं सरकवणारा माणूस, त्यांना शब्द शोधताना मी तेव्हाच पाहिलं.

"तुले हे सारं येत होतं," शेवटी ते म्हणाले. "त्याले बी शिकवत होती तू. मी घंटी वाजवत होतो, आन् तू इथं बसून त्याले सांगून राह्यली होती."

"हाव."

"मंग पहिल्याच दिवशी काऊन नाई सांगतलं? चार दिवसांत झालं असतं काम."

"झालं असतं," आत्याबाई म्हणाल्या. "आन् पाचव्या दिवशी तुम्ही मोताळ्याच्या गाडीत बसले असते."

मामाजींनी घंटीची काठी खाली ठेवली. "अव, पन मेंढ्या गेल्या असत्या तं? आज टेम्पोत चढल्याच होत्या."

आत्याबाईंनी सुपातल्या शेंगा हातानं सारख्या केल्या. त्यांचा आवाज कुरकुरीचा नव्हता, रागाचाही नव्हता. रोजचंच काहीतरी सांगावं तसं त्या म्हणाल्या, "गेल्या असत्या तं रडली असती मी. पन मेंढ्या तं साऱ्या जलमाच्या माह्याजवळच होत्या. तुम्ही आत्ता कुठं घरी आले."

मला तिथं बसवेना. मी उठले आणि उगाच मेंढ्या मोजायला लागले, आणि मोजणी चुकली. वळून पाहिलं तर मामाजी खाली बसले होते, बांधावर, इस्त्रीची खाकी मातीत. त्यांनी सुपातली एक शेंग उचलली आणि सोलायला घेतली. कधी सोलली नसावी, दाणे इकडंतिकडं उडाले.

"अशी नाई," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांच्या हातातली शेंग घेऊन कशी दाबायची ते दाखवायला लागल्या.